बाभळीत न सापडलेला पक्षी

डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि बोट ठेवून म्हणाले, "ही कॅव्हिटी."

कॅव्हिटी म्हणजे फुफ्फुसात पडलेली पोकळी. माझी उजवीकडं, वरच्या बाजूला होती, साधारण चिंचोक्याएवढी. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडलेच होते. टी.बी., म्हणजे क्षय. हे त्यांना दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"दीड वर्ष औषध घ्यावं लागेल."

"साहेब, आठ महिन्यांत तोडा की," मी म्हणालो.

"हा मोंढा नाही," डॉक्टर म्हणाले आणि फोटो खाकी पाकिटात घातला.

माझा धंदा त्यांनी आवाजावरूनच ओळखला असणार. मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मी लिलाव पुकारायचो. ज्वारीच्या ढिगाशेजारी उभं राहून ओरडायचं, हेच माझं काम. माझा आवाज पार रेल्वे फाटकापर्यंत जातो असं लोक म्हणत आणि मला 'भोंगा' म्हणत. त्या नावाचा मला अभिमान होता, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

हे मी लिहितोय ते परभणीच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात खाकी पाकीट मांडीवर घेऊन बसलेल्या माणसांसाठी. मी केल्या त्या चुका करू नका, असं सांगणार होतो. पण माणूस चुका करणारच. निदान माझ्या करू नका, तुमच्या वेगळ्या करा.

घरी आलो तेव्हा माय दारातच उभी होती. बायको कौसा चुलीपाशी, आणि आमची छबू तिच्या पाठीला लोंबकळत. छबू नुकतीच बोलायला लागली होती. मला बघून 'बाब्बा' म्हणत धावली. मायनं तिला अर्ध्या वाटेत उचललं.

"तू आखाड्यावर ऱ्हा बाबा," माय म्हणाली. "लेकरू लहान हाय. तुझ्या खोकल्यात तिला झोपवू का म्या?"

आखाडा म्हणजे आमच्या शेतातलं छप्पर. बाजेवर गोधडी टाकून मी तिथं राहायला गेलो. एक दिवसाआड मानवतला जाऊन स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन घ्यायचं आणि रोज गोळ्या. कौसा भाकरी घेऊन यायची, माझं ताट-तांब्या वेगळं.

क्षयाला तितराचा रस्सा लय चांगला, असं गावातल्या प्रत्येकानं सांगितलं. तोवर पक्ष्यांचे मला दोनच प्रकार माहीत होते. ज्वारी खाणारे आणि आपण खायचे. पहिल्यांसाठी गोफण, दुसऱ्यांसाठी तवली. बाजारात पिंजऱ्यात तित्तर विकायला यायचे. कौसानं कुठून कुठून काटकसर करून मला त्यांचा रस्सा पाजला. खोकला थांबला. अंगावर मांस चढलं. थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणजे जंतू दिसले नाहीत.

"असंच राहिलं तर उन्हाळ्यात घरी झोपायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण औषध सोडायचं नाही."

मी मात्र मनाशी हिशेब केला. इंजेक्शननं काय होतं? कुल्ला सुजतो. रश्शानं काय होतं? ताकद येते. मग बरं कशानं झालो? मी मानवतची वाट सोडली. वर गावभर सांगत सुटलो, "सुई घाला चुलीत, तित्तर घाला तवलीत." लोक हसायचे, मला हुरूप यायचा. तुरीची आवक जोरात सुरू झाली आणि मी मोंढ्यात जाऊन उभा राहिलो.

तिसऱ्याच ढिगाला घशात काहीतरी कोमट आलं. हीमॉप्टिसिस म्हणजे खोकल्यातून रक्त पडणं. पांढरा सदरा पुढून लाल झाला. एवढी गर्दी होती, पण पाणी ओसरावं तसे सगळे मागं सरकले. पुढं आला तो एकटा चाँदभाई, आमचा मापाडी. जन्मभर माझ्या शेजारी काटा धरून उभा राहिलेला माणूस. स्वतःचा रुमाल माझ्या तोंडाला लावून म्हणाला, "बोल मत भोंगे. एक बार तो चुप बैठ."

या वेळी परभणीच्या दवाखान्यात भरतीच झालो. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"तितरानं तुम्हाला मांस दिलं," ते म्हणाले. "जंतू मारले औषधानं. तुम्ही अर्धे मारून अर्धे सोडून दिले. उरलेले आता हुशार झालेत. पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी जास्त दिवस."

"घरी कधी?"

"ते आता मला सांगता येणार नाही."

मग म्हणाले, "फुफ्फुसाला विश्रांती हवी. बोलणं बंद."

"साहेब, ते कसं जमायचं?"

"पक्षी बघत जा. तोंड बंद ठेवायला त्याच्यासारखं काम नाही. बोललात की उडून जातात."

मला वाटलं, चेष्टा करतात. पण वॉर्डात दुसरं काय होतं? खाटांची रांग, फिनेलचा वास, आणि प्रत्येक जण भिंतीकडं तोंड करून पडलेला. क्षयाचा माणूस आधी घरातून तुटतो, मग स्वतःच सगळ्यांकडं पाठ करतो. खिडकीबाहेर एक उंबर होता. त्यातून सकाळपासून कुणीतरी तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज यायचा. टुक, टुक, टुक. मी उठून बसलो आणि शोधू लागलो. शेजारच्या खाटेवर बोरीचा एक शेतकरी होता, आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "वर न्हाई, खाली बघा. वाळल्या फांदीवर." हिरवा, चिमणीपेक्षा थोडा थोराड, कपाळावर कुंकू फासल्यासारखा. तांबट. दुसऱ्या दिवशी रांगेतले आणखी दोघं खिडकीकडं तोंड करून बसले होते. आठवड्याभरात तर पहिल्यांदा तांबट कोण दाखवतो यावर वाद व्हायला लागले, आणि नर्सबाई ओरडल्या, "हा क्षयाचा वॉर्ड हाय का मोंढा?" मला फार बरं वाटलं.

डॉक्टरांनी दिलेल्या औषधांमधलं हे एक औषध मी कधी सोडलं नाही. पण त्याचाही मी काय घोळ घातला ते पुढं येतंच.

पुन्हा आखाड्यावर आलो. थुंकी अजून पॉझिटिव्हच होती. कौसा भाकरी आणायची तेव्हा आता छबूही सोबत यायची. ती बांधावरच्या बाभळींपाशी थांबायची, मी छपराच्या खांबाला टेकून. मधे अख्खं वावर. तिनं पुढं यायचं नाही, मी मोठ्यानं बोलायचं नाही. पहिले काही दिवस आम्ही नुसते एकमेकांकडं बघत राहिलो. ती कंटाळून माती खेळायला लागायची.

एकदा तिच्यामागच्या फांदीवर कोतवाल येऊन बसला. काळाभोर, शेपटीला दोन टोकं. तिला दाखवायचा कसा? बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, तोंडातून शब्द काढत नाहीत. ते मी लहानपणापासून पाहिलेलं. मी पाठीमागं हात नेला आणि दोन बोटं शेपटीसारखी फाकली. छबूनं वळून पाहिलं. कोतवाल पाहिला. मग तिनंही आपला इवला हात पाठीमागं नेऊन दोन बोटं फाकली, आणि हसली.

तिथून आमची भाषा सुरू झाली. डोक्यावर पंजा उभा धरला की तुरेवाला हुदहुद. कमरेवर हात ठेवून ढुंगण हलवलं की शेपटी नाचवणारा धोबी पक्षी, हे तिचं स्वतःचं. भांडखोर बाईसारखा हात नाचवला की टिटवी. जमिनीवरून हात सरळ वर वर नेला की चंडोल, कारण चंडोल गात गात तसाच आभाळात चढतो. आणि हातानं वारा घातल्यासारखं केलं की 'काही नाही, उडाला'. कौसा डबा घेऊन मधे उभी राहायची आणि म्हणायची, "बापलेकीला येड लागलंय. मला कुणी सांगता का काय चाललंय ते?"

चाँदभाई सुट्टीच्या दिवशी सायकलवर यायचा. आधी ओलं बोट वर धरून वारा बघायचा आणि मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचा.

"बुरा मत मान," तो म्हणायचा. "घर में बच्चे हैं."

"मान्यच हाय."

"और ये क्या लगाया? डॉक्टर ने तेरेकू चिडियाँ गिनने लगाया क्या?"

पण तोही बघायला लागला. त्याच्यापाठोपाठ मोंढ्यातले आणखी दोघं आले. हॉटेलात माझा कप वेगळा ठेवणारी ही माणसं. पण बांधावर कप नव्हता, छप्पर नव्हतं, वारा मोकळा होता आणि सगळ्यांची तोंडं शेताखालच्या तळ्याकडं. थंडीत तळ्यावर करकोचे उतरले तेव्हा आम्ही पाच-सहा जण अंतर ठेवून ओळीनं बसलो होतो, कुणी कुणाला भीत नव्हतं. आजारी पडल्यापासून माणसांत बसल्यासारखं मला त्या दिवशी वाटलं. तुमच्यापैकी ज्याला घरच्यांनी बाजूला काढलंय त्याला मी हे कळकळीनं सांगतो. उघड्यावर जा, काहीतरी बघायला घ्या. लोक तुमच्याकडं येणार नाहीत, पण तुम्ही जे बघताय ते बघायला येतील.

आता घोळ.

त्याच सुगीत मला एक नवा पक्षी ऐकू यायला लागला. बारीक, एकसुरी, तारेवर नख ओढल्यासारखा. आधी वाटलं रातकिडा. पण तो दिवसाही थांबेना. आवाज नक्की बाभळींच्या रांगेतून यायचा. मी पहिल्या बाभळीखाली गेलो की तो दुसऱ्या बाभळीत, दुसरीखाली गेलो की तिसरीत. इतका हुशार पक्षी मी पाहिला नव्हता. म्हणजे पाहिलाच नव्हता. वर बघत चालताना झोक जायचा, दोनदा बांधावरून घसरलो, तर चपलेला शिव्या घातल्या.

चाँदभाईला म्हणालो, "कुणीच न पाहिलेला पक्षी आपल्या बाभळीत हाय. ऐक. येतो ना आवाज?"

त्यानं मान तिरपी करून बराच वेळ ऐकलं. माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाला, "आता है, आता है. क्या मीठा बोलता!"

मी छबूला विचारलं, बोटानं बाभळ दाखवून. तिनं ऐकलं आणि वारा घातला. काही नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा वारा घातला. मला राग आला. एवढा मोठा माणूस चाँदभाई, त्याला ऐकू येतो, आणि ही पोर लक्षच देत नाही! मी ओरडलो, "नीट ऐक की!"

कितीतरी दिवसांनी भोंगा वाजला. तळ्यावरच्या टिटव्या उडाल्या. छबू आईच्या लुगड्यात तोंड खुपसून रडायला लागली. कौसा एवढंच म्हणाली, "आले कशाला हिला घेऊन, आं?"

दुसऱ्या दिवशी छबू आली ती नवी खूण घेऊन. बाभळीकडं बघून तिनं एक बोट कानाला लावलं आणि माझ्याकडं पाहून हसली. मी खूश झालो. पोरीला ऐकू आला, तिनं त्याला नावही दिलं! ती बापाची समजूत काढत होती, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. त्या वयात लेकरानं हे शिकायला नको होतं.

परभणीला गेलो की डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "कानात आवाज? चक्कर?" मी म्हणायचो, "नाही साहेब." माझ्या मते ते खरंच होतं. आवाज बाभळीत होता, आणि दोष चपलेचा होता.

मग एकदा नवा एक्स-रे काढायला त्या अंधाऱ्या खोलीत उभा राहिलो. दार बंद, खिडकीला काळा कपडा. "श्वास रोखा," आतला माणूस म्हणाला. मी रोखला. आणि पक्षी बोलायला लागला.

मी आनंदानं डॉक्टरांच्या खोलीत गेलो. "साहेब, तुमच्या एक्स-रेच्या खोलीत पक्षी शिरलाय. आमच्या बाभळीतला!"

"कोणता?" डॉक्टरांनी विचारलं. पक्ष्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

मी आवाज काढून दाखवला. ते उठले, खिडकी लावली. "आता येतो?"

"येतो."

ते माझ्यामागं येऊन उभे राहिले आणि दोन्ही तळहात माझ्या कानांवर दाबून धरले. "आता?" त्यांचा आवाज लांबून आला.

पक्षी आणखी मोठ्यानं ओरडत होता. मी मान डोलवली.

"केव्हापासून?"

"सुगीपासून."

त्यांनी ट्यूनिंग फोर्क आणला. तो दोन टोकांचा लोखंडी चिमटा ठोकला की थरथरतो आणि वाजतो. त्यांनी तो माझ्या कानापाशी धरला. टोकं थरथरताना मला नुसती दिसत होती, वाजताना ऐकू येत नव्हती. कोतवालाच्या शेपटीसारखी दिसली.

ओटोटॉक्सिसिटी म्हणजे औषधानं कानाच्या नसेला होणारी इजा. स्ट्रेप्टोमायसिन जास्त दिवस चाललं की कुणाकुणाला होते. आधी बारीक आवाज जातात. पहिल्या वेळी औषध पुरं केलं असतं तर एवढी इंजेक्शनं लागलीच नसती, हे डॉक्टरांनी मला सांगितलं नाही. ते मला कळत होतं.

"मी कानाचं विचारत राहिलो," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "बाभळीचं विचारायला हवं होतं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "इंजेक्शन आजपासून बंद. दुसऱ्या गोळ्या देतो. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राहील."

चाँदभाईला सांगितलं तेव्हा तो वाऱ्याची दिशा न बघता माझ्याशेजारी येऊन बसला. "तू इतना खूश था रे," तो म्हणाला. "मैं क्या बोलता?" त्याच्यावर रागवायला माझ्याकडं तोंड नव्हतं. बोलण्यानं लोकांना खूश ठेवायचं, हा माझाच धंदा.

गोळ्या मात्र शेवटपर्यंत खाल्ल्या. थुंकी निगेटिव्ह आली, पुन्हा निगेटिव्ह आली. एक्स-रेत पोकळीच्या जागी फायब्रोसिस दिसलं, म्हणजे भरल्या जखमेचा वण. डॉक्टर म्हणाले, "जा घरी."

मायनं पुरणपोळ्या केल्या आणि माझं ताट सगळ्यांच्या ताटांत मांडलं. छबू माझ्या मांडीला मांडी लावून बसली. केवढी तरी मोठी झाली होती. आखाड्यावर गेलो तेव्हा तिचे दोन-चार बोबडे शब्द मी कानात घेऊन गेलो होतो. नंतरची सगळी वर्षं आमच्यामधे वावर होतं. आता ती इतकी जवळ होती की तिच्या केसांचा तेलकट वास येत होता. ती बोलायला लागली. किती वर्षांचं साठवलेलं असावं, थांबेचना. मला तिचे ओठ दिसत होते. आवाज येत होता तो पाण्याखालून आल्यासारखा, मधले शब्द गळलेले.

मी मान डोलवत म्हणालो, "हां, हां. लय चांगलं."

ती थांबली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं बोट कानाला लावलं आणि हळूच वारा घातला. काही नाही?

मी मान हलवली. काही नाही.

तिनं पोळीचा तुकडा माझ्या तोंडात घातला.

मी आता मोंढ्यात चिठ्ठ्या लिहितो. लिलाव पुकारायला दम लागतो, आणि बोली ऐकायला कान. दोन्ही मी घालवले. एक तितराच्या नादात आणि दुसरा नसलेल्या पक्ष्याच्या. तुमच्या कानात काही वाजलं, पाय लटपटले, तर डॉक्टरांना सांगा. येडपट वाटलं तरी सांगा. बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. आणि पक्षी बघा. त्यांनी मला गप्प बसवलं, माणसांत बसवलं, आणि लेकीला माझ्यापासून अजिबात तुटू दिलं नाही. त्या डॉक्टरांचे उपकार मी त्यासाठी मानतो. झालं नुकसान माझ्या नावावर आहे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी छबू आणि मी बांधावर जातो. आता एकाच बाजूला बसतो. ती बोट कानाला लावते. पूर्वी ती खूण बाभळीतल्या त्या पक्ष्याची होती, आता तिचा अर्थ 'कुणीतरी बोलतंय' असा आहे. मग हात जमिनीवरून सरळ वर नेते. मी वर बघतो. आभाळात ठिपका असतो, पंख फडफडत एका जागी टांगलेला. त्याची चोच उघडी असणार.

कौसाला मी एकदा विचारलं, छबूचा आवाज कसा आहे?

"तुमच्यावर गेलाय," ती माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली. "भोंगा! शाळेतून हाक मारली तर घरात ऐकू येते."

म्हणजे मला ऐकू यायला हरकत नाही, सगळा नाही तरी थोडा. मी बांधावर छबूला म्हणालो, "एकदा ओरड की माझ्यासाठी. जोरात."

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि चंडोलाकडं दाखवलं. उडून जाईल.